पाहुण्याचे पान

निफाड तालुक्यातील सायखेडा हे गोदावरीच्या काठचे बाजाराचे गाव. नदीच्या पलीकडे समोरच चांदोरी आहे. पेशव्यांची दिल्लीतील वकिली ज्या हिंगणे घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली, त्याचे हे गाव. चांदोरी पाहून पूल ओलांडून आम्ही सायखेड्यास आलो, तो सूर्य मावळला होता. खेरवाडी स्थानकाची वाट धरावी अशा विचारात असताना ओळखीच्या एका शेतकरी गृहस्थांनी आम्हांस अडविले आणि "दोन घास खाल्ल्याशिवाय जायचं नाही" असे निक्षून सांगितले. आधी निरोप नव्हता, तयारी नव्हती. अर्ध्या घटकेत पाने मांडली गेली. बाजरीची भाकरी, पिठले, बुक्कीने फोडलेला कांदा, मिरचीचा ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि ताक. जेवण असे झाले की, पंचपक्वान्नांची आठवणही होऊ नये. तथापि पाने मांडताना यजमान दोन वेळा म्हणाले, "साधंच आहे, गोड मानून घ्या."

हे वाक्य कोणा मराठी माणसाने ऐकले नाही? पुरणपोळी वाढणाराही ते म्हणतो आणि पिठले वाढणाराही म्हणतो. म्हणून त्यास निव्वळ उपचार समजून आपण सोडून देतो. परंतु त्या रात्री परतताना आमच्या मनात असे आले की, ज्या घराने आपल्यासाठी चूल पुन्हा पेटविली, त्याने आपणांजवळ क्षमा का मागावी? साध्या जेवणाची लाज वाटावी असे त्यात काय आहे? आणि ती लाज साधेपणाची नसेल, तर कशाची आहे? ह्या प्रश्नांचा माग काढू लागले की, पाहुण्याच्या पानामागे मोठा इतिहास दडलेला आढळतो. तो राजदरबारांच्या इतिहासाइतका ठसठशीत नाही, परंतु घरोघरच्या माजघरांतून वाहत आलेला असल्यामुळे त्याहून अधिक आपला आहे.

प्रथम त्या साध्या अन्नाकडेच पाहू. जे पान आम्हांपुढे आले ते अनादि काळापासून येथे असेच वाढले जात असावे, असा समज सहज होतो. वस्तुतः तसे नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे इ. स. १९६८ पासून जे उत्खनन झाले, त्यावरून तीन सहस्र वर्षांपूर्वीच्या तेथील शेतकऱ्याचे मुख्य धान्य जव होते असे दिसते. बाजरी व ज्वारी ही दोन्ही धान्ये मूळची आफ्रिका खंडातील. ती पुरातन काळीच इकडे येऊन रुळली. मिरची पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिकेहून आली, ती सोळाव्या शतकात. शेंगदाण्याचे मूळही त्याच खंडात. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळच्या पाहुण्यास ठेचा मिळाला नाही आणि शेंगदाण्याची चटणीही नाही. ज्यास आपण "आपले साधे घरचे" म्हणतो, त्या पानावर तीन खंडांतील पदार्थ पाहुणे म्हणून आले आणि घरचे होऊन बसले. अन्नाच्या बाबतीत महाराष्ट्राने इतके औदार्य दाखविले. माणसांच्या बाबतीत दाखविले काय, हा खरा प्रश्न आहे.

जुन्या ग्रंथांत साध्या जेवणाचा शोध घेणाऱ्याची निराशाच होते. चालुक्य राजा सोमेश्वर ह्याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त राजाच्या भोजनाचे सविस्तर वर्णन आहे. तंजावरच्या मराठी राज्यात रघुनाथ पंडिताने 'भोजनकुतूहल' रचले, त्यात खाद्यपदार्थांचे गुणदोष बारकाईने सांगितले आहेत. छापखाना आल्यावर इ. स. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे 'सूपशास्त्र' निघाले. परंतु अचानक आलेल्या पाहुण्यासाठी डाळीचे पीठ कसे कालवावे, चार माणसांच्या आमटीत सहा माणसे कशी बसवावीत, ही विद्या पुस्तकांत क्वचितच सापडते. ती सासूकडून सुनेकडे तोंडी गेली. ज्या कामास किंमत नाही ते लिहून ठेवावे असे कोणास वाटत नाही.

अतिथीविषयी मात्र आपल्या शास्त्रकारांनी विपुल लिहिले आहे. गृहस्थाच्या पाच नित्य यज्ञांत अतिथिपूजन हा एक यज्ञ. मनुस्मृतीचा तिसरा अध्याय ह्या दृष्टीने वाचण्याजोगा आहे. सूर्यास्ताबरोबर दारी आलेल्या अतिथीस परतवू नये, तो वेळी येवो की अवेळी, त्यास उपाशी ठेवू नये, असे तेथे सांगितले आहे. बसावयास गवत, टेकावयास जमीन, प्यावयास पाणी आणि गोड शब्द, ह्या चार गोष्टींची सज्जनांच्या घरी कधी वाण पडत नाही, असेही म्हटले आहे. जेवण मिळावे म्हणून पाहुण्याने आपले कुल-गोत्र पुढे करू नये, असा त्यास इशाराही दिला आहे. ह्यापेक्षा सुंदर पाहुणचार कोणता? सायखेड्याच्या आमच्या यजमानांनी ती स्मृती वाचली नसेल, परंतु तिच्यातील हा भाग ते जगत होते.

पण त्याच अध्यायात थोडे पुढे गेले की, मन खट्टू होते. अतिथी म्हणजे कोण, ह्याचे तेथे मोजमाप आहे. ब्राह्मणाच्या घरी एक रात्र राहणारा ब्राह्मण हा अतिथी. क्षत्रिय आला तर तो अतिथी नव्हे, त्यास ब्राह्मणांच्या मागून जेवू घालावे. वैश्य वा शूद्र आला तर दया म्हणून नोकरांच्या बरोबर वाढावे. चारही वर्णांच्या बाहेर ज्यास ढकलले, त्याच्यासाठी पानाचा प्रश्नच उरला नाही. पाहुण्याने गोत्र सांगू नये म्हणणारे शास्त्रच यजमानास ते विचारावयास लावते. पुढे 'पंक्ती' ह्या शब्दापासून आपली पंगत झाली, पंक्तिपावन कोण व पंक्तिदूषक कोण ह्यांच्या याद्या झाल्या आणि 'रोटीबेटी व्यवहार' हा शब्द समाजाच्या सीमा दाखविणारा दगड होऊन बसला. बेटीचा व्यवहार जन्मात एकदोनदा येतो. रोटीचा दिवसातून दोनदा. म्हणून रोटीच्या दगडावर अधिक माणसे ठेचाळली.

आमच्याकडील घरांची बांधणीच हा इतिहास सांगते. ओटा, पडवी, माजघर आणि आत स्वयंपाकघर अशी जुन्या घराची रचना. कोणास ओट्यावरून वाटेस लावावयाचे, कोणास पडवीत पान मांडावयाचे, कोणास माजघरात घ्यावयाचे आणि कोण चुलीजवळ पाटावर बसू शकेल, हे ज्याचे त्यास सांगावे लागत नसे. पाहुणा किती आत आला, ह्यावर त्याचा मान ठरे. पानात काय पडले, हा प्रश्न त्याच्या नंतरचा. लाडू देऊन ओट्यावरून बोळवण करणारे घर आणि चटणी-भाकर देऊन चुलीशी बसविणारे घर, ह्यांत कोणते घर आतिथ्यशील, हे मराठी माणसास पक्के ठाऊक आहे.

हाच फरक सायखेड्यापासून नदीच्या प्रवाहाबरोबर खाली गेल्यास पैठणात सापडतो. एकनाथांचा काळ सोळाव्या शतकाचा. त्यांची चरित्रकथा महिपतीने अठराव्या शतकात लिहून ठेविली. श्राद्धाच्या दिवशी रस्त्याने जाणाऱ्या महारांस अन्नाचा वास आला, त्यांची भूक नाथांनी ऐकली आणि ब्राह्मणांसाठी केलेला स्वयंपाक त्यांस जेवू घातला, ही कथा सर्वश्रुत आहे. मग घर सारवून ब्राह्मणांसाठी नवा स्वयंपाक केला, तरी ब्राह्मण रुसलेच. कथा सांगणारे ह्यापुढे पितरांच्या चमत्काराकडे वळतात. आमचे लक्ष मात्र त्या दुसऱ्या स्वयंपाकाकडे जाते. नाथांची भूतदया अमर झाली, ती योग्यच. परंतु एका दिवसात दोन वेळा श्राद्धाची चूल पेटविणाऱ्या गिरिजाबाईंच्या हातांविषयी कथेकरी फारसे बोलत नाहीत. चमत्कार बाजूस ठेवला तरी ह्या कथेत एक गोष्ट खरी उरते. घरचे दार पाहुण्यास उघडणारा पुरुष असला, तरी ते दार उघडे ठेवण्याचा भार बाईवर पडतो.

गोदाकाठच्या नाशकात पाहुण्यास जेवू घालणे हा अनेक घरांचा धर्मही होता आणि व्यवसायही. पंचवटीस येणारे यात्रेकरू आपापल्या क्षेत्रोपाध्यायांकडे उतरत, तेथेच जेवत आणि त्यांच्या वहीत आपल्या कुळाची नोंद करून जात. ह्याखेरीज महाराष्ट्रातील गावोगाव आणखी एक चाल होती, ती म्हणजे वार लावून जेवण्याची. गरीब विद्यार्थी सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असे सात वार लावी आणि त्यावर शाळा पुरी करी. त्यासाठी वेगळे काही रांधीत नसत. घरात जे असेल तेच त्याच्या पानात. ह्या साध्या पानांवर महाराष्ट्रातील शिक्षित वर्गाची एक पिढी वाढली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. परंतु ही पानेही जातीच्या पंगतीतच मांडलेली होती. ज्या मुलास कोणीच वार देणार नव्हते, त्याची शाळाही तेथेच थांबे. जो वार मिळाला त्याची कृतज्ञता सांगणाऱ्या आठवणी पुष्कळ आहेत. जो मिळाला नाही त्याची आठवण कोण लिहिणार?

ती एका मुलाने पुढे लिहिली. इ. स. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांकडे निघालेली काही मुले मसूरच्या स्थानकावर उतरली. आपली जात त्यांनी सांगताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडीच्या त्या लांब प्रवासात त्यांच्याजवळ डब्यात भरपूर अन्न होते, परंतु पाणी कोणी देईना. म्हणून अन्न असून ती उपाशी निजली. त्या मुलांपैकी एक पुढे डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर झाले. गवत, जमीन, पाणी आणि गोड शब्द ह्यांची ज्या देशात वाण पडत नाही म्हणत, त्या देशातील हा प्रसंग होय.

एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी ह्या दगडास हात घातला, पण तो कोठे घातला हे पाहण्यासारखे आहे. इ. स. १८४९ मध्ये मुंबईस परमहंस सभा निघाली. सभासद होणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. परंतु हे सारे बंद दाराआड. सभासदांची नावे फुटताच सभा मोडली. इ. स. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक इत्यादी मंडळी गेली असता तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध झाली, वाद शंकराचार्यांपर्यंत गेला आणि प्रायश्चित्ताचा प्रश्न वर्षानुवर्षे गाजला. एक पेला चहा! ह्याउलट जोतीराव फुले ह्यांनी इ. स. १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. सभागृहातील बंडापेक्षा घरच्या हौदाचे बंड अधिक अवघड होते, कारण सभा संपते, घर संपत नाही.

ह्या घरच्या बंडाचा सर्वांत जिवंत वृत्तान्त आमच्याच जिल्ह्यातील एका बाईने लिहिला आहे. लक्ष्मीबाई टिळक ह्या नाशिकजवळच्या, गोदाकाठच्या जलालपूरच्या. त्यांची 'स्मृतिचित्रे' इ. स. १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागली. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक की, बाजारातून आलेले मीठदेखील धुऊन घेतल्यावाचून घरात चालत नसे. धुतलेल्या मिठाचे काय उरत असेल, ह्याचा विचार वाचकांनीच करावा! अशा घरातील मुलगी रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या संसारात पडली. टिळक कवी, खिशात पैसा ठरावयाचा नाही आणि घरात पाहुणा येण्यास वेळ-काळ नाही. इ. स. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई नवऱ्याकडे परत आल्या, तेव्हाही त्यांनी आपला स्वयंपाक आणि आपले पाणी निराळे ठेविले होते. पुढे विचार करता करता त्यांच्या मनाने असे घेतले की, हा जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे. आणि त्या क्षणापासून कोणाच्याही हातचे खाण्याचा त्यांनी निश्चय केला.

ह्या वृत्तान्ताचे मोल असे की, येथे परिवर्तन चुलीपाशी घडते. टिळकांनी धर्म बदलला तो विचाराने, प्रार्थनेने. लक्ष्मीबाईंचा बदल पाण्याच्या घागरीतून आणि भाताच्या पातेल्यातून झाला. नवऱ्याने मत बदलले की घर बदलले, असे आपण मानतो. वस्तुतः ज्या दिवशी स्वयंपाक करणारीचे मन पालटते, त्याच दिवशी घराचे दार उघडते. तोपर्यंत पाहुणा आत आलेला असतो, पण त्याचे पान बाहेरच असते.

पुढील पिढीत हा प्रश्न उघड्यावर आला. इ. स. १९२७ मध्ये निघालेल्या समाज समता संघाने सहभोजने घडविली. आमच्या जिल्ह्यातील भगूरचे सावरकर रत्नागिरीस स्थानबद्ध असता त्यांनीही सहभोजनांचा धडाका लावला. अनंत हरि गद्रे ह्यांनी तर झुणका-भाकरीचा प्रसाद असलेले सत्यनारायण सुरू केले. ज्यांस देवळात पाऊल ठेवू देत नसत, अशा दांपत्याच्या हातून पूजा करवावी आणि सर्वांनी एकत्र झुणका-भाकर खावी. साध्या जेवणास इतका मान त्यापूर्वी क्वचितच मिळाला असेल. परंतु ह्याच काळात, इ. स. १९३० च्या २ मार्चला, नाशिकच्या काळाराम मंदिराचे दार उघडावे म्हणून सत्याग्रह आरंभावा लागला. तो पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही आणि इ. स. १९३५ च्या १३ ऑक्टोबरला येवल्यास आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. निफाडच्या शेजारचाच तो तालुका. सहभोजनाच्या पंगती उठल्या की जेवणारे आपापल्या घरी जात आणि घरचे माजघर जेथे होते तेथेच राही. सार्वजनिक पंगत हा समतेचा आरंभ झाला. तिची कसोटी घरच्या रात्रीच्या जेवणात होती व आहे. मांडवात शेजारी बसलेला मनुष्य आपल्या घरी, निरोप न देता, संध्याकाळी येऊन आपल्या मुलाबाळांबरोबर पिठले-भाकर खाईल काय, आणि आपण त्याच्याकडे जाऊ काय? कायद्याने अस्पृश्यता इ. स. १९५० च्या राज्यघटनेबरोबर संपली. ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र कायदा देऊ शकत नाही.

पाहुणचाराची आणखी एक परीक्षा टंचाईच्या दिवसांत होते. युद्धकाळात, इ. स. १९४३ मध्ये, मुंबईत शिधावाटप सुरू झाले तेव्हा पाहुणा म्हणजे मोजलेल्या दाण्यांतील वाटेकरी ठरला. इ. स. १९६५ मध्ये पंतप्रधान लालबहादुर शास्त्री ह्यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. इ. स. १९७२ च्या दुष्काळात परदेशी तांबड्या मिलोच्या भाकऱ्या महाराष्ट्राने खाल्ल्या आणि पाहुण्यासही त्याच वाढल्या. सायखेड्याच्या नशिबी टंचाईपेक्षा पूर अधिक. इ. स. २०१६ च्या ऑगस्टात गोदावरी सायखेडा आणि चांदोरी ह्या दोन्ही गावांत शिरली. आमचे यजमान सांगत होते की, पाणी चढले त्या रात्री उंचवट्यावरील घरांत कोण कोणाकडे जेवले ह्याचा हिशेब राहिला नाही. "त्या दिवशी कुणी कुणाला साधं आहे असं म्हटलं नाही," असे ते हसून म्हणाले. आम्हांस ते वाक्य विसरता येत नाही. पुराच्या रात्री ओटा, पडवी व माजघर ह्यांतील अंतर पाण्याने पुसले. पाणी ओसरल्यावर ते पुन्हा किती उमटले, हे आम्ही विचारले नाही.

आता त्या "गोड मानून घ्या"कडे वळू. आमच्या समजुतीप्रमाणे ती साधेपणाची क्षमा नव्हे. ज्या समाजात शतकानुशतके पाहुण्याची तोलमाप करून पान मांडले गेले, तेथे पाहुणाही यजमानाची तोलमाप करीत आला. पानात काय वाढले ह्यावरून आपणांस किती मान दिला हे तो मोजी. त्या मोजणीच्या धास्तीने यजमान आधीच हात जोडतो. साधे जेवण निर्भयपणे वाढता यावे, असे वाटत असेल तर दोन्हीकडची मोजणी थांबली पाहिजे. पाहुण्याने पदार्थ मोजू नयेत आणि यजमानाने पाहुण्याचे गोत्र मोजू नये.

आणि तिसरी एक मोजणी मात्र सुरू झाली पाहिजे. मनुस्मृतीने अतिथी, बालके, गर्भिणी व आजारी ह्यांचे जेवण झाल्यावर उरलेले अन्न पती आणि पत्नी दोघांनी खावे असे सांगितले. व्यवहारात पती केव्हाच उठून पाहुण्याच्या पंगतीस जाऊन बसला आणि उरलेल्या अन्नापाशी पत्नी एकटी राहिली. ह्या एका बाबतीत आपण स्मृतीपेक्षाही मागे गेलो.

हे आम्ही मोठ्या तोऱ्याने लिहीत आहो, परंतु त्या रात्री सायखेड्यास काय झाले? यजमान आमच्या शेजारी बसले, मुले बसली. आतून गरम भाकऱ्या एकामागून एक येत होत्या. आम्ही तीन खाल्ल्या, आग्रहाची चौथी अर्धी. पिठले दुसऱ्यांदा घेतले. उठताना जुन्या वळणाप्रमाणे यजमानांस "अन्नदाता सुखी भव" असे म्हणालो. ते प्रसन्न झाले आणि आम्हीही. स्थानकाच्या वाटेवर, अंधारात, आमच्या ध्यानात आले की तो आशीर्वाद पुल्लिंगी आहे. चुलीपाशी बसलेल्या माउलीस आम्ही काहीच म्हणालो नव्हतो. तिच्यासाठी पातेल्यात पिठले उरले होते की नाही, हेही वाकून पाहिले नव्हते. पुढच्या खेपेस त्या घरी जाऊ तेव्हा आधी सर्वांची पाने मांडवून घ्यावयाची आणि मग बसावयाचे, असे आम्ही ठरविले आहे.